पुनर्वसूच्या ताऱ्याला ग्रह आहे का? राक्षसी तारे, अरीय वेग आणि घरचा लॅपटॉप

फाल्गुनात रात्री नऊच्या सुमारास बडोद्यातल्या कुठल्याही अगाशीवर उभं राहून मान पूर्ण मागे टाकली, की पुनर्वसूचे दोन तारे जवळजवळ डोक्यावर दिसतात. त्यांतला जास्त तेजस्वी, किंचित नारिंगी झाक असलेला तो पोलक्स. हा राक्षसी तारा, म्हणजे म्हातारपणी फुगलेला. व्यास सूर्याच्या सुमारे नऊपट, अंतर साधारण ३४ प्रकाशवर्षं. २००६ मध्ये संशोधकांच्या दोन गटांनी त्याच्याभोवती ग्रह असल्याचं जाहीर केलं. फेरी सुमारे ५९० दिवसांची, वस्तुमान गुरूच्या किमान अडीच-तीनपट. त्या ग्रहाचा फोटो आजवर कुणी काढलेला नाही. पोलक्स स्वतः किती डुलतो ते मोजलं आणि त्यावरून ग्रहाचा अंदाज बांधला.

हे कसं करतात ते शिकायचं असेल, तर बडोद्यात बसूनही बरंच करता येतं. बारावीपर्यंतचं गणित, साधा लॅपटॉप आणि इंटरनेट एवढं पुरतं. दुर्बीण नसली तरी अडत नाही, कारण या ताऱ्यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी कुणालाही मोफत उतरवून घेता येतात. मात्र एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आकड्यांत आवर्तन सापडणं हे एका दुपारचं काम आहे. ते आवर्तन ग्रहाचं की ताऱ्याच्या स्वतःच्या स्वभावाचं, हे ठरवण्यात भल्याभल्यांची दहा-दहा वर्षं गेली आहेत. म्हणून या लेखाचा बराचसा भाग त्या दुसऱ्या कामावर आहे.

मोजायचं काय?

ग्रह ताऱ्याभोवती फिरतो असं आपण म्हणतो. खरं तर दोघंही त्यांच्या सामाईक गुरुत्वमध्याभोवती फिरतात. मावशी आणि चिमुरडी भाची फुगडी घालतात तेव्हा भाची मोठ्या वर्तुळात भिरभिरते आणि मावशी जागच्या जागी इवल्याशा वर्तुळात. पण फिरते मावशीही. भाची अंधारात असली तरी मावशीच्या डुलण्यावरून समोर किती वजनाचं कोण आहे, याचा अंदाज येतो.

तारा आपल्याकडे येत असेल तर त्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा निळ्या टोकाकडे सरकतात, दूर जात असेल तर तांबड्याकडे. हाच डॉप्लर परिणाम. रेषा जेवढी सरकली त्याला मूळ तरंगलांबीने भागा, प्रकाशाच्या वेगाने गुणा, की आपल्या नजरेच्या रेषेतला ताऱ्याचा वेग मिळतो. तोच अरीय वेग.

गुरूमुळे सूर्य सेकंदाला सुमारे १२.५ मीटरने डुलतो, पृथ्वीमुळे जेमतेम ९ सेंटिमीटरने. पोलक्सचा आकडा आहे सेकंदाला ४६ मीटर, म्हणजे ताशी १६५ किलोमीटर. वाचायला भरघोस वाटतं. पण ५५० नॅनोमीटरची रेषा त्या वेगाने किती सरकेल याचा हिशेब करून बघा: ०.००००८ नॅनोमीटर. अबूच्या डोंगरावरच्या ‘पारस’ या वर्णपटलेखकाची विभेदनक्षमता ६७,००० आहे. त्याला वेगवेगळा दाखवता येईल असा सगळ्यात बारीक तुकडा वेगाच्या भाषेत सेकंदाला साडेचार किलोमीटरचा होतो. पोलक्सचं डुलणं त्या तुकड्याचा शंभरावा भाग. एका रेषेवर हे मोजता येणारच नाही. हजारो रेषांचं सरकणं एकत्र धरलं, तरच आकडा हाती लागतो.

शिवाय यंत्र स्वतः सरकलं तर? त्यासाठी दोन उपाय रुळले आहेत. एक, ताऱ्याचा प्रकाश आयोडीनच्या वाफेने भरलेल्या काचेच्या नळकांड्यातून न्यायचा, म्हणजे आयोडीनच्या ठरलेल्या रेषा ताऱ्याच्या वर्णपटावरच उमटतात आणि मोजपट्टीचं काम करतात. कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेने राक्षसी ताऱ्यांचं सर्वेक्षण असं केलं. दुसरा, शेजारच्या प्रकाशतंतूतून थोरियम-आर्गॉन दिव्याचा प्रकाश त्याच वेळी नोंदवायचा. पारसने सुरुवात याच पद्धतीने केली.

राक्षसी ताऱ्यांच्या नादी का लागायचं?

कारण सूर्यापेक्षा दीडपट-दुप्पट वजनदार ताऱ्यांना ग्रह असतात का, हे त्यांच्या तरुणपणी या पद्धतीने कळणं फार अवघड. तेव्हा ते इतके तप्त असतात की वर्णपटात रेषाच मोजक्या, आणि स्वतःभोवती इतके वेगाने फिरतात की असलेल्या रेषाही पसरट होतात. पसरट रेषेचं सरकणं मोजणार कसं? तेच तारे म्हातारपणी फुगतात, निवतात, मंदावतात. मग वर्णपटात बारीक, रेखीव रेषांची गर्दी होते. वजनदार ताऱ्यांची चौकशी त्यांच्या म्हातारपणी करायची, अशी ही युक्ती आहे.

दुसरा फायदा म्हणजे हे तारे ठळक असतात. लिकच्या सर्वेक्षणात ३७३ राक्षसी तारे होते आणि त्यासाठी वापरलेल्या दुर्बिणीचा आरसा होता फक्त ०.६ मीटरचा. राक्षसी ताऱ्याभोवती पक्का मानला गेलेला पहिला ग्रह, कालेय तारकासमूहातल्या एडासिक ऊर्फ आयोटा ड्रॅकोनिसचा, २००२ मध्ये याच कामातून जाहीर झाला. जपानमधल्या ओकायामाच्या १.८८ मीटर दुर्बिणीवरून असाच शोध चालला. तिथून २००७ मध्ये रोहिणीच्या शेजारच्या एप्सिलॉन टॉरीचा ग्रह सापडला. हा तारा हायडीज गुच्छातला, आणि खुल्या तारकागुच्छात सापडलेला तो पहिला ग्रह.

तोटेही आहेत. फुगणारा तारा जवळचे ग्रह गिळून टाकतो, त्यामुळे इथे आठवड्याभरात फेरी मारणारे ग्रह क्वचितच भेटतात. बहुतेकांच्या फेऱ्या शेकडो दिवसांच्या. म्हणजे निरीक्षणंही वर्षानुवर्षं हवीत. (अपवाद मजेशीर आहेत. ८ अर्सी मायनोरिस या ताऱ्याचा ग्रह ९३ दिवसांत फेरी मारतो. तारा आता हीलियम जाळतोय, म्हणजे एकदा पूर्ण फुगून पुन्हा आकसलेला. त्या फुगण्यात हा ग्रह जायला हवा होता. तो वाचला कसा, यावर २०२३ पासून खल चालू आहे.)

पहिलं काम: तारा निवडा

नवख्याने रंग बघून तारा निवडावा. खगोलशास्त्रात रंगाला आकडा असतो: निळ्या गाळणीतली प्रत (तेजाचा आकडा; तारा जितका मंद तितका तो मोठा) वजा दृश्य गाळणीतली प्रत. आकडा जितका मोठा, तारा तितका तांबडा. आणि राक्षसी तारा जितका तांबडा, तितका तो स्वतःच जास्त थरथरतो. ओकायामाच्या मंडळींनी म्हणूनच ०.६ ते १.० एवढ्याच रंगाचे तारे घेतले. पोलक्स १.० वर आहे, एडासिक १.२ च्या जवळ. रोहिणी आणि गॅमा ड्रॅकोनिस दीडच्या पुढे.

माझं मत: सुरुवात पोलक्सपासून करा, मग एडासिक, आणि तिसरा गॅमा ड्रॅकोनिस. रोहिणी आकाशात कितीही मोहक दिसली तरी तिला पहिल्या वर्षी हात लावू नका. २०१५ मध्ये तिच्याभोवती ६२९ दिवसांचा ग्रह असल्याचं मांडलं गेलं आणि २०१९ मध्ये दुसऱ्या गटाने त्यावर गंभीर शंका घेतली. जिथे जाणत्यांचं एकमत नाही तिथे शिकाऊ माणसाला स्वतःची चूक ओळखता येत नाही.

शोधताना नावापेक्षा एचडी क्रमांक, म्हणजे हेन्री ड्रेपर यादीतला क्रमांक, वापरा. पोलक्स ६२५०९, एडासिक १३७७५९, गॅमा ड्रॅकोनिस १६४०५८, एप्सिलॉन टॉरी २८३०५.

दुसरं काम: आकडे आणा आणि साफ करा

नासाच्या एक्झोप्लॅनेट अर्काइव्हमध्ये आणि फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गच्या व्हिझिएर या भांडारात शोधनिबंधांचे तक्ते ठेवलेले असतात. फाईल उघडली की बहुधा तीन रकाने दिसतात: वेळ, वेग, त्रुटी. नमुन्याची एक ओळ बघा (आकडे मी समजावण्यासाठी लिहिले आहेत): २४५३०४५.७१२, −३२.४, ५.१. पहिला आकडा ज्युलियन दिवस, म्हणजे तारीख-महिन्याच्या भानगडीत न पडता सलग मोजलेले दिवस. दुसरा वेग, सेकंदाला मीटरमध्ये. उणे चिन्ह म्हणजे सरासरीच्या मानाने तारा आपल्या बाजूला येत होता. तिसरी मोजमापातली त्रुटी.

इथे थांबून एक गोष्ट तपासा: वेगातून पृथ्वीची स्वतःची गती वजा केलेली आहे का? प्रसिद्ध तक्त्यांत ती केलेली असते, पण कारण समजून घ्या. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटरने धावते, आणि पोलक्स क्रांतिवृत्ताच्या जवळ असल्याने तो जवळजवळ सगळा वेग त्याच्या वर्णपटात उतरतो. शिवाय पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं. बडोद्याच्या अक्षांशावर, म्हणजे साधारण २२.३ अंशांवर, जमिनीचा वेग सेकंदाला सुमारे ४३० मीटर येतो. तुम्ही मांडवीत चहा पीत उभे आहात तेव्हा पोलक्सच्या डुलण्याच्या नऊपट वेगाने चालला आहात. सुधारणा केलेल्या वेळेला आणि वेगाला ‘सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याशी आणलेले’ म्हणतात. दोन तक्ते एकत्र करताना दोन्ही याच पद्धतीचे आहेत ना, ते बघा.

एकाच रात्रीची तीन-चार मोजमापं असतील तर त्यांची सरासरी घ्या. पोलक्ससारखा तारा काही तासांच्या आवर्तनाने आत-बाहेर स्पंदतो. ती थरथर सरासरीत बरीचशी विरते. रोहिणीसारख्या अवाढव्य ताऱ्याचं हेच स्पंदन पाच-सहा दिवसांचं असतं, त्यामुळे तिथे एका रात्रीच्या सरासरीने काही साधत नाही.

त्रुटीचा रकाना जसाच्या तसा खरा मानू नका. तो फक्त यंत्राची त्रुटी सांगतो. ताऱ्याची थरथर त्यात वेगळी मिळवावी लागते: दोन्हींचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. यंत्राची त्रुटी ५ आणि ताऱ्याची थरथर १५ असेल, तर खरी त्रुटी जवळपास १६. म्हणजे महागडं यंत्र आणून ५ ची २ केली तरी राक्षसी ताऱ्यावर फारसा फरक पडत नाही. इथे पैशापेक्षा चिकाटी कामाला येते.

आणि ओळीबाहेर गेलेले ठिपके खोडायची घाई करू नका. एडासिकचा आलेख काढा म्हणजे कळेल. त्याच्या ग्रहाची कक्षा फार लंबुळकी आहे, विकेंद्रता ०.७ च्या आसपास (पूर्ण वर्तुळाची शून्य). ५११ दिवसांतले बहुतेक दिवस वेग संथपणे बदलतो आणि ग्रह ताऱ्याजवळून जातो त्या थोड्या काळात झपाट्याने शेकडो मीटर हलतो. ‘सरासरीपासून फार लांब, सबब चुकीचे’ असं म्हणून ते ठिपके काढलेत, तर ग्रहाची सगळ्यात ठळक खूणच गेली.

तिसरं काम: आवर्तन शोधा

गूगल कोलॅब उघडा, म्हणजे संगणकावर काही बसवायची गरज नाही. पायथनमधल्या ॲस्ट्रोपाय या संचात लाँब–स्कार्गल नावाची पद्धत तयार आहे. निरीक्षणं समान अंतराने घेतलेली नसतात: कधी ढग, कधी पौर्णिमा, कधी दुर्बीण दुसऱ्याच्या हातात. अशा विस्कळीत नोंदींतूनही आवर्तन काढून देणं हेच या पद्धतीचं वैशिष्ट्य. तिला वेळ, वेग, त्रुटी द्या आणि २० ते २००० दिवसांच्या दरम्यान शोधायला सांगा. ती वारंवारतेच्या भाषेत बोलते, म्हणजे ५९० दिवसांऐवजी दिवसाला ०.००१६९५ असं दाखवेल. उलटं करून वाचायची सवय लावा.

आलेखात एक उंच शिखर दिसेल आणि आजूबाजूला लहान शिखरं. आनंद व्हायच्या आधी त्या लहान शिखरांकडे बघा. पोलक्सच्या बाबतीत ५९० च्या जोडीला २२६ आणि ९५९ दिवसांपाशीही काहीतरी डोकं वर काढण्याची शक्यता असते. ही भुतं वर्षाच्या खंडामुळे येतात. सूर्य १६ जुलैच्या सुमारास पोलक्सच्या शेजारून जातो. आपल्याकडे पुनर्वसूचा ‘तरणा’ पाऊस कोसळतो ते हेच दिवस. ढग असोत-नसोत, तारा सूर्याच्या उजेडात बुडालेला असतो आणि जगातल्या कुठल्याच दुर्बिणीला तेव्हा तो धड मिळत नाही. दर ३६५ दिवसांनी नोंदीत भोक पडतं. भोकाची वारंवारता खऱ्या वारंवारतेत एकदा मिळवली की २२६, वजा केली की ९५९. तुमचं शिखर असंच कुणाचं तरी प्रतिबिंब नाही ना, हे अशा बेरीज-वजाबाकीने तपासा.

त्यानंतर ‘निव्वळ योगायोगाने एवढं उंच शिखर येण्याची शक्यता’ काढा. संचात त्याची सोय आहे. पण मला दुसरी रीत जास्त पटते: वेगाचा रकाना पत्ते पिसल्यासारखा उलटापालटा करा, वेळ तशीच ठेवा, आणि पुन्हा शिखर काढा. हजार वेळा करा. हजारांत एकदाही मूळ शिखराइतकं उंच काही आलं नाही, तर तुमचं आवर्तन निदान योगायोगाचं नाही. ते कशामुळे आहे, हा प्रश्न अजून शिल्लकच.

चौथं काम: घडी घाला, कक्षा बसवा, वजन काढा

५९० दिवस मिळाले की सगळ्या नोंदी त्या आवर्तनावर घडी घालून ठेवा: प्रत्येक वेळेला ५९० ने भागा आणि फक्त बाकी ठेवा. दहा-वीस वर्षांचे ठिपके एकाच लाटेवर येऊन बसतात. पहिल्यांदा ते होताना बघणं हा या सगळ्यातला सगळ्यात आनंदाचा क्षण आहे, तो चुकवू नका.

कक्षा बसवण्यासाठी रॅडव्हेल नावाचा मोफत संच चांगला. तो पाच गोष्टी विचारतो: आवर्तनकाळ, डुलण्याचा आयाम (वेगाच्या लाटेची मधल्या रेषेपासूनची उंची), विकेंद्रता, कक्षेचं लंबुळकं टोक कुठल्या दिशेला, आणि ग्रह जवळून जाण्याची वेळ. शिवाय प्रत्येक यंत्राचा शून्यबिंदू वेगळा. लिक आणि जर्मनीतल्या टाऊटेनबुर्गचे आकडे सरळ एकाखाली एक चिकटवलेत, तर दोन यंत्रांच्या शून्यांतला फरकच लाट म्हणून दिसेल. एवढ्या अज्ञात राशी असताना दहा-बारा ठिपक्यांवर कक्षा बसवली, तर ती बसेल जरूर, पण तिला अर्थ नसेल.

वजन मात्र कॅल्क्युलेटरवर, हाताने काढा. २८.४ हा आकडा पाठ करा: सूर्याएवढ्या ताऱ्याभोवती एक वर्षाच्या वर्तुळाकार कक्षेत गुरूएवढा ग्रह असेल, तर तारा सेकंदाला २८.४ मीटर डुलतो. आता पोलक्स. ४६ ला २८.४ ने भागा: १.६२. ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या १.९ पट धरा, त्याचा दोन-तृतीयांश घात: १.५३. ५९० दिवस म्हणजे १.६१५ वर्षं, त्याचं घनमूळ: १.१७. तिन्हींचा गुणाकार २.९. कक्षा जवळजवळ वर्तुळाकार असल्याने विकेंद्रतेची दुरुस्ती सोडून दिली. उत्तर: गुरूच्या किमान २.९ पट. ‘किमान’ अशासाठी, की कक्षा आपल्या दिशेला किती कललेली आहे ते या पद्धतीत कळत नाही.

आता ताऱ्याचं वस्तुमान १.९ ऐवजी १.७ घालून बघा. उत्तर २.७ वर येतं. ग्रहाचं वजन ताऱ्याच्या वजनावर टेकलेलं असतं, आणि राक्षसी ताऱ्याचं वजन काढणं कटकटीचं, कारण वेगवेगळ्या वजनांचे तारे म्हातारपणी जवळजवळ एकाच तापमानाला आणि तेजाला येऊन उभे राहतात. अलीकडे नासाच्या टेस या ग्रहशोधक उपग्रहाने टिपलेल्या स्पंदनांवरून हे वजन जास्त विश्वासाने काढता येतं. एडासिकचं तसं काम २०२१ मध्ये झालं, आणि त्याच कामात त्याचा आणखी एक, बराच दूरचा साथीदारही पुढे आला.

पाचवं काम: आता स्वतःवरच संशय घ्या

सगळ्यात आधी ताऱ्याचा परिवलनकाळ. ताऱ्यावर डाग असेल तर तारा फिरताना डाग कधी येणाऱ्या कडेवर, कधी जाणाऱ्या कडेवर. रेषांचा आकार बिघडतो आणि ग्रह नसताना वेग बदलल्यासारखा वाटतो. हिशेब सोपा: ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या पटीत घ्या, ५०.६ ने गुणा, परिवलनाच्या वेगाने (सेकंदाला किलोमीटर) भागा. उत्तर दिवसांत. त्रिज्या १० आणि वेग २ असेल तर सुमारे २५० दिवस. त्रिज्या ४० आणि वेग ३ असेल तर ६७५. म्हणजे मोठ्या राक्षसी ताऱ्याचा परिवलनकाळ नेमका तिथेच पडतो जिथे आपण ग्रह शोधतो आहोत. सूर्यासारख्या ताऱ्यांवर काम करणाऱ्यांना महिनाभराच्या परिवलनाशी झगडावं लागतं; इथे दोन आवर्तनं शेजारीशेजारी.

मग प्रकाशमापन बघा. हिप्पार्कोस उपग्रहाने १९८९ ते १९९३ या काळात ठळक ताऱ्यांचं तेज मोजून ठेवलं आहे. तेजात तेच आवर्तन दिसलं तर ग्रहाचा दावा डळमळीत. कॅल्शियमच्या रेषांवरून ताऱ्याची चुंबकीय हालचाल कळते, तिथेही तेच आवर्तन शोधा. रेषांचा आकार बदलतोय का, ते बघा: ग्रहामुळे रेषा अख्खी सरकते, डागामुळे वाकडी होते. शक्य असेल तर अवरक्त प्रकाशातला वेगही पडताळा. ग्रहामुळे येणारं डुलणं दोन्हीकडे सारखं असतं, डागाचं अवरक्तात फिकं पडतं.

हे सगळं केलं आणि सगळीकडून हिरवा कंदील मिळाला, तरी फसगत होऊ शकते. गॅमा ड्रॅकोनिस हे त्याचं उत्तम उदाहरण. २००३ ते २०११ पर्यंत त्याचा वेग ७०२ दिवसांच्या लाटेवर खाली-वर होत होता. आयाम सेकंदाला १४८ मीटर, म्हणजे पोलक्सच्या तिप्पट. आठ वर्षं, चार फेऱ्या, लाट न मोडता. गुरूच्या किमान १०.७ पट वजनाचा ग्रह म्हणून हिशेब चोख जुळत होता. मग २०११ ते २०१३ या काळात लाट जवळजवळ नाहीशी झाली. २०१४ मध्ये ती परत आली, पण आधीच्या तालाशी जुळेना. ग्रह दोन वर्षं सुट्टीवर जात नाही. २०१८ मध्ये हे सगळं प्रसिद्ध झालं, तेव्हा लिहिणाऱ्यांनी ताऱ्याच्या आतल्या, आधी न ओळखलेल्या प्रकारच्या दोलनांकडे बोट दाखवलं.

हा सराव स्वतः करून बघण्यासारखा आहे. फक्त २०११ पर्यंतच्या नोंदी घ्या, कक्षा बसवा, २०१२ आणि २०१५ मध्ये वेग किती असेल त्याचं भाकीत कागदावर लिहा. मग पुढचे आकडे उघडा. शिकवणीला येणाऱ्या एका मुलीने हे केलं तेव्हा ती वैतागून म्हणाली, “काका, मग आठ वर्षं मोजून काय मिळवलं?” मी तिला पोलक्सचा आलेख परत काढायला सांगितला. कारण प्रश्न तिथेही आहे. पोलक्सला एक क्षीण चुंबकीय क्षेत्र आहे, आणि २०२१ मध्ये ते सुमारे ६६० दिवसांच्या आवर्तनाने बदलत असल्याचं प्रसिद्ध झालं. ५९० आणि ६६० एक नव्हेत, पण फार लांबही नाहीत. आज मला कुणी पैज लावायला सांगितली तर मी एडासिकच्या ग्रहावर डोळे मिटून लावीन, पोलक्सवर विचार करून, आणि रोहिणीवर लावणारच नाही. एडासिकवर एवढा भरवसा का? लंबुळक्या कक्षेची ती तिरकी, टोकदार लाट डागांना किंवा स्पंदनांना सहज नक्कल करता येत नाही. गोल कक्षेची गुळगुळीत लाट कुणीही काढू शकतो.

संशयाचाही अतिरेक होतो बरं. १९८८ मध्ये कॅनडाच्या संशोधकांना वृषपर्वा समूहातल्या गॅमा सेफीच्या वेगात आवर्तन दिसलं होतं. ५१ पेगासीच्या, म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीच्या पहिल्या ग्रहाच्या, प्रसिद्ध शोधाच्या सात वर्षं आधी. पण १९९२ मध्ये त्यांनी स्वतःच ते ताऱ्याच्या परिवलनाच्या खाती टाकलं. २००३ मध्ये जास्त वर्षांच्या नोंदींवरून ग्रह खरा ठरला: फेरी सुमारे ९०० दिवसांची, आयाम २७ मीटरच्या आसपास. दोन्ही वेळी निकाल लावला तो पुढच्या वर्षांच्या नोंदींनी. एका ठिकाणी ग्रह पुसला गेला, दुसऱ्या ठिकाणी ठरला. म्हणून नियम असा ठेवा: निदान तीन-चार फेऱ्या, शक्यतो दोन वेगळ्या यंत्रांवरून, आणि लाटेची उंची व ताल पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच.

बडोद्याहून पुढे

अगाशीवरच्या दुर्बिणीला साधी जाळी लावून ताऱ्याचा वर्णपट बघता येतो, आणि पोलक्स-व्याध यांच्या वर्णपटांतला फरक डोळ्यांना दिसणं हा चांगला अनुभव आहे. पण तिथून सेकंदाला ४६ मीटर मोजण्याची आशा धरू नका. हौशी मंडळींनी ग्रहाचं डुलणं मोजल्याचं उदाहरण आहे, पण ते टाऊ बूटिसचं, जिथे आयाम साडेचारशे मीटरच्या वर आहे. आणि त्यासाठीही गंभीर यंत्र लागलं.

आपलं खरं भाग्य म्हणजे या कामाचं भारतातलं मोठं केंद्र हाकेच्या अंतरावर आहे. अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा, विक्रम साराभाईंनी १९४७ मध्ये सुरू केलेली, अबूच्या गुरुशिखरावर वेधशाळा चालवते. तिथे १.२ मीटर दुर्बिणीवर पारस आहे आणि २.५ मीटर दुर्बिणीवर त्याहून बारीक विभेदनाचं पारस-२. २०२१ मध्ये जाहीर झालेला टीओआय-१७८९ (टीओआय म्हणजे टेसने टिपलेल्या संभाव्य ग्रहांच्या ताऱ्यांची यादी) या ताऱ्याचा ग्रह आणि २०२३ मधला टीओआय-४६०३ चा, गुरूच्या जवळपास १३ पट वजनाचा ग्रह, हे दोन्ही तिथल्याच गटाचे. दोन्ही तारे पूर्ण राक्षसी नाहीत, पण म्हातारपणाच्या वाटेला लागलेले आहेत, आणि त्यांचे ग्रह आठवड्याभराच्या आसपास किंवा त्याहून लवकर फेरी मारतात. फुगायला लागलेल्या ताऱ्याच्या इतक्या जवळ ग्रह अजून कसे टिकून आहेत, हा प्रश्न घेऊन वरची पाचही कामं पुन्हा करता येतील.

प्रकल्पासाठी किंवा पदव्युत्तर शिक्षणासाठी अशा एखाद्या गटाला लिहायचं असेल, तर ‘मला खगोलशास्त्राची आवड आहे’ या वाक्याऐवजी दोन पानं पाठवा: एका ताऱ्याचा घडी घातलेला आलेख, पिसलेल्या आकड्यांची तुलना, आणि परिवलनकाळ किती येतो त्याचा हिशेब, त्रिज्या आणि वेग कुठून घेतले त्यासकट. पहिला प्रश्न बहुधा त्या परिवलनकाळावरच येईल.